खाचा पडलेला अडकित्ता

आई गेल्यावर तिची पेटी आवरताना वहिनीनं अडकित्ता बाजूला टाकला. "ह्याला खाचा पडल्यात, कामाचा न्हाई." मी तो उचलला. अजून काताचा वास येत होता.

लहानपणी मुखेडच्या बाजारातून मी सशांची जोडी आणली होती. पिंजऱ्यासाठी जुन्या कूलरची जाळी मिळाली, पण तारा तोडायला घरात पक्कड नव्हती. आईनं चंचीतला अडकित्ता काढला आणि उन्हात बसून एकेक तार तोडत राहिली.

"आई, धार गेली की गं."

"जाऊ दी. मांजरानं ससे नेल्यावर तू जेवणार हायस का?"

त्यानंतर ती अख्खी सुपारी गालात धरून तासन्‌तास भिजवायची. मला इतकी वर्षं वाटलं, तिला ती तशीच आवडते.