दातुक मामा बोलण्यात जिंकला त्याची गोष्ट

आमच्या दातुक मामाला बोलण्यापलीकडे काही म्हणजे काही येत नव्हतं. नांगर धरता येत नव्हता, धंदा जमला नाही, आणि संसार मांडले दोन नि दोन्ही मोडले. तरी तो रस्त्यानं निघाला की माणसं बाजूला व्हायची. कारण काय, तर दातुक, म्हणजे कुळाचा म्होरक्या, ही पदवी त्याच्या नावामागं होती. आम्हा मिनांग लोकांत घर बायकांचं, शेत बायकांचं, पण चारचौघांत बोलायचा मान आईच्या भावाचा. ही वाटणी ज्यानं केली त्याला असला भाऊ नसणार.

लहानपणी मात्र मला तो फार आवडायचा, खोटं कशाला बोलू? चिखलातली बैलांची शर्यत बघायला तो मला खांद्यावर बसवून न्यायचा. तळलेली केळी खायला घालायचा ती आईनं दिलेल्या पैशांतून, पण आव असा की सगळी केळबाग ह्याच्याच मालकीची! जाकार्तातल्या त्याच्या भल्यामोठ्या दुकानाच्या गोष्टी मी तोंड उघडं टाकून ऐकायची. एकदा आईनं चुलीपाशी बसल्या बसल्या हवाच काढली.

"दुकान कसलं गं? फूटपाथवर कंगवे विकायचा तुझा मामा. तेही खपले नाहीत. आपण सगळ्या त्याच कंगव्यांनी विंचरतो."

तेव्हापासून मी त्याच्याकडे नीट बघायला लागले, आणि जितकं बघितलं तितकं मन विटत गेलं. दुसऱ्या बायकोनं हाकलल्यावर तो झोपायचा मशिदीशेजारच्या नमाजघरात, कारण बहिणींच्या घरात पुरुषानं पथारी टाकली तर गाव थुंकतं. पण जेवायला तिन्ही त्रिकाळ आमच्याकडे. सकाळी कॉफीच्या पानांचा काढा, दुपारी भात, आणि त्याच्या काळ्या सदऱ्याला इस्त्री, हे सगळं माझ्या यास्नी मावशीनं करायचं. खायला काळ नि भुईला भार, दुसरं काय!

यास्नी मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. दुसऱ्यांच्या लग्नाच्या कपड्यांवर सोनेरी जर भरता भरता तिची तिशी उलटली होती. बाजाराची छोटी गाडी चालवणारा सफ्रिझल आमच्या वळणावर उगाचच हॉर्न वाजवायचा, आणि मावशीच्या हातातली सुई थांबायची. आईनं ते ओळखलं. त्याच्या घरीही मनात होतं. आमच्यात नवरा बायकोच्या घरी राहायला येतो, म्हणून मागणी आपणच घालायची. विड्याचं तबक न्यायचं, आणि बोलायचं कुणी? दातुक मामानं!

"दादा, थोडक्यात बोल हं," मावशी सदरा हातात देताना म्हणाली. तिनं कधी कुणाकडे काही मागितलं नव्हतं.

"तू मला बोलायला शिकवतेस?" मामा हसला. "अगं, तो मुलगा उद्या स्वतःच उशी घेऊन येतो की नाही बघ."

मी आईबरोबर खाऊची ताटं घेऊन गेले होते. तिकडून बोलायला सफ्रिझलचा म्हातारा मामा बसला होता, दात पडलेला, प्रेमळ डोळ्यांचा. आमच्या रिवाजात समोरच्याचं सगळं बोलणं, म्हणींसकट, आधी परत म्हणून दाखवायचं आणि मगच उत्तर द्यायचं. मामानं सुरू केलं ते थांबेचना. वेलीपासून मांडवापर्यंत, नदीपासून समुद्रापर्यंत, म्हणीवर म्हण! ताटांतला खाऊ गार झाला. म्हाताऱ्यानं कसंबसं सगळं आठवून म्हटलं आणि शेवटाला अडखळला. अशा वेळी समजूतदार माणूस ऐकू न आल्यासारखं करतो. निदान खोकला काढून वेळ मारून नेतो.

आमचा रेडा म्हणाला, "थांबा काका! दोन म्हणी गाळल्यात तुम्ही."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. म्हातारा हळूच म्हणाला, "मग आम्हाला विचार करू दे." आमच्यात याचा अर्थ नाही असाच होतो. आमच्या ताटांना कुणी हात लावला नाही.

मामा घरात शिरला तो छाती काढून. "जिंकलो! म्हाताऱ्याची बोलतीच बंद केली!"

"आणि मुलगा?" मावशीनं विचारलं.

"येईल गं. जातोय कुठं?"

दुसऱ्या दिवशी तबक परत आलं. आम्ही बांधलेलं फडकं सोडलंसुद्धा नव्हतं.

मावशी रडली नाही. मामा जेवायला बसला तेव्हा ती म्हणाली, "दादा, जा आणि माफी माग."

"दातुक माफी मागत नसतो."

"मग जे जिंकून आणलंयस तेच खा," म्हणत तिनं पातेल्यावर झाकण ठेवलं. आईनं चुलीत पाणी ओतलं. मला इतका आनंद झाला की काय सांगू!

चहाच्या टपरीवर मामाची भाषणं फुकट ऐकणारे पुष्कळ होते, फुकट जेवू घालणारा एकही नव्हता. काही दिवसांतच त्याचे गाल बसले. मग एका सकाळी तो विडा घेऊन एकटाच सफ्रिझलच्या घरी गेला, आणि दुपारी परत येऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसला.

"यास्नी, अगदी साधं बोललो गं. चूक माझी, मुलगा आम्हाला द्या, एवढंच. म्हातारा रडला. म्हणाला, त्या दिवशी असं बोलला असतास तर! काल संध्याकाळी त्यानं दुसऱ्या घरी शब्द दिला. सफ्रिझलनंही मान डोलावली."

तोही तसलाच. स्वतःचा मामा म्हणेल तिकडे मान डोलावणारा! नुसता हॉर्न वाजवायला काय लागतं?

मावशीनं भात वाढला, फणसाची आमटी वाढली आणि म्हणाली, "जेव, दादा."

मी दारात उभी होते. वाटलं, आता तरी ह्याच्या घशात घास अडकेल. आता तरी हा ताट सारून उठेल, आणि मग कदाचित मी ह्याला पुन्हा मामा म्हणेन.

त्यानं ताट चाटूनपुसून साफ केलं आणि पुढं सरकवलं.

"आमटी अजून आहे का गं?"

मावशीनं पातेलं खरवडून वाढलं.