मामांच्या मेंदूतली रेघ

मी पदवीधर झालो तो आंजी गावच्या मामीमुळे. शाळेसाठी तिनं मला घरी ठेवून घेतलं आणि पुढे मी वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत लागलो. मामांचे हात सतत कापत. दारूला ते कधी शिवले नव्हते, तरी गाव त्यांना बेवडा म्हणे. ते आमच्या दवाखान्यात वारले तेव्हा डॉक्टरांनी अभ्यासासाठी त्यांचा मेंदू मागितला. मामीनं होकार दिला.

तिरडी उचलताना तिचा दीर म्हणाला, "वयनी, चितेवर डोस्कं फोडाची कपालक्रिया कायची करू आता? डोस्कं तं रिकामं करून आणलं!"

"त्यायचं डोस्कं कालेजात शिकवाले गेलं, भाऊजी. तुमचं कोनी मागतलं काय?"

काही आठवड्यांनी डॉक्टरांनी मेंदू कापून पाहिला. त्याच दिवशी मी लिहिलं:

"ती. मामीस साष्टांग नमस्कार. निरोगी मेंदूच्या तळाशी एक काळी रेघ असते. मामांची रेघ पुसट झाली होती, म्हणून हात कापत. ही आजाराची खूण आहे, दारूची नाही, असं डॉक्टरांनी साऱ्या वर्गाला दाखवून सांगितलं. मला फार अभिमान वाटला. हे पत्र तुझ्या दिराकडूनच पारावर मोठ्यानं वाचून घे."