वेलांटी आधी

"सगळ्या फायली नव्या मशिनवर गेल्या की तू मोकळी," काका म्हणाले आणि चष्मा कपाळावर सरकवून पेपर वाचायला लागले.

मोकळी म्हणजे काय, हे तेव्हाच विचारायला हवं होतं. धाकट्या बहिणीचं लग्न रविवारी, शनिवारी हळद, आणि मला गुरुवारच्या गाडीने वाशीमकडे निघायचं होतं. मोकळी म्हणजे गावाला जायला मोकळी, हा एक अर्थ झाला. पण शेजारच्या बाइंडिंगवाल्याने दिवाळीनंतर त्याच्या जुन्या माणसाला 'मोकळं केलं', तेव्हापासून दुसरा अर्थही माझ्या पोटात बसलेला होता.

काका नात्यातले नाहीत, दुकानाचे मालक. आमचं दुकान शनिवार पेठेत. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, मंडळांची निवेदनं. छपाई बाहेर होते, अक्षरं आमच्याकडे जुळतात. माझी शाळा नववीत सुटली. मावशीबरोबर पुण्याला आले, मावशी परत गेली, मी राहिले. काकांनी कीबोर्डवर एकेक बोट धरून टायपिंग शिकवलं आणि काकूंनी बिबवेवाडीच्या घरात मागची खोली दिली. ऱ्हस्व-दीर्घ मला शाळेत आलं नाही, ते पत्रिका करून करून आलं. या दोघांचे उपकार मी कुठे फेडणार? पण दुकानात काका आणि घरी काकू, म्हणजे रुसायचं म्हटलं तरी जागा नाही. मी बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रुसते. स्वारगेट येईपर्यंत आटोपतं घ्यावं लागतं.

जुनं मशीन आता सुरू व्हायलाच चहा पिऊन होईल इतका वेळ घ्यायचं. दुरुस्तीवाला सांगून गेला होता की हे कधीही डोळे मिटेल, आतलं सगळं आधी काढून घ्या. गिऱ्हाइकं येऊन म्हणतात, "मोठ्याच्या लग्नातलीच पत्रिका करा, फक्त नावं बदला." ती पत्रिका गेली तर दुकानाचं काय राहिलं? म्हणून नवं मशीन आलं, आणि फायली हलवायचं काम माझ्याकडे आलं.

पहिल्या दिवशी मी पेनड्राइव्हवरून एक पत्रिका नव्यावर नेली आणि उघडली. मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं. कुणाच्या डोक्यावर टोप्या, कुणाला खाली शेपट्या. जुना फॉन्ट नव्या मशिनला कळतच नव्हता. काका मागे येऊन उभे राहिले.

"वा," ते म्हणाले. "लग्न फ्रान्सला दिसतंय."

मशीन बसवणाऱ्याने मग एक कन्व्हर्टर टाकून दिला. त्यातून काढलं की मराठी परत यायची, पण पहिली वेलांटी जागेवर येत नव्हती. जुन्या फॉन्टमध्ये हाताने काढतो तसंच टाइप करायचं: 'चि' हवा तर आधी वेलांटी, मग च. नव्याला आधी च लागतो आणि मग वेलांटी. त्यामुळे एकूणएक पत्रिकेत नवरदेवाचा 'चि.' फुटलेला. वेलांटी एका बाजूला, तिच्याखाली ठिपक्या-ठिपक्यांचा रिकामा गोल, आणि च बिचारा पलीकडे उघडा.

"सगळ्या नवरदेवांची मुंडकी उडवलीस," काका म्हणाले. "आता बस जोडत."

बसले. खरी पंचाईत माझ्या हाताची होती. चूक दुरुस्त करायला गेलं की बोट आधी वेलांटीवरच पडायचं, आणि पुन्हा तो गोल. फोनवर मला जमतं, तिथे अंगठा असतो. कीबोर्डवर मात्र काकांनी शिकवलेला हात होता आणि तो माझं ऐकत नव्हता. एक पत्रिका नीट झाली की पुढच्या फोल्डरमध्ये तशाच आणखी निघायच्या.

बहिणीची पत्रिकाही त्यातच होती. मीच केलेली, आणि काकांनी आपल्याकडून छापून दिलेली. आमच्यात 'चि.' नसतं, 'आयु.' असतं, त्यामुळे तिचं नाव शाबूत आलं. मात्र वरचं 'मंगल परिणय' मधोमध फुटलं होतं. छापलेल्या पत्रिका गावात कधीच वाटून झाल्या होत्या, तरी ते बघवेना. मी तिचीच फाइल सगळ्यात आधी नीट केली.

गुरुवारी काकांनी विचारलं, "गाडी आज ना गं तुझी?"

"उद्याची आहे," मी म्हटलं. काम अर्धंसुद्धा झालं नव्हतं. टाकून गेले आणि मागे मशीन गेलं, तर कोणत्या तोंडाने परत येऊ? आणि सगळं संपवून गेले, तर परत कशाला बोलावतील? दोन्हीकडून दार बंद. शुक्रवारही तसाच, 'उद्याची' म्हणत गेला.

शनिवारी दुपारी बहिणीचा फोन आला. मागे बायकांचा गलका, कुणीतरी वाटी मागत होतं.

"वं ताई, तू येऊन रायली का नाही? हळद वाटून ठेवली हाये. मायले काय सांगू?"

"काम आहे गं थोडं."

"तुयं काम कदी सरते वं?"

फोन ठेवला तेव्हा काका माझ्याकडेच बघत होते. आणि मी इतके दिवस दातांखाली धरलेलं बोलून गेले, "काका, फायली झाल्या की मला काढणार का?"

"कोण म्हणालं?"

"तुम्हीच. मोकळी म्हणालात."

त्यांनी पेपर घडी घालून बाजूला ठेवला. "अगं, गावाला जायला मोकळी! तुला काढायचं असतं तर 'अहो, आपण उद्यापासून येऊ नका' असं म्हटलं असतं. आम्ही पेठेतली माणसं, काढताना अहो-जाहो करतो." मग थांबून म्हणाले, "हळद आज ना?"

"हो."

"मठ्ठ आहेस. आणि शिकवलं मी, म्हणजे माझंही नाव गेलं. ऊठ."

संध्याकाळच्या गाडीत बसवायला काकू आल्या. लाडवांचा डबा दिला, बहिणीसाठी साडी दिली, आणि तिकिटं दिली, जायचं आणि यायचंही. "मंगळवारचं काढलंय हं परतीचं," त्या म्हणाल्या, "म्हणजे तुला तिकडे धावपळ नको." माझे डोळे भरून आले. कशाने, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

पोचले तेव्हा बहिणीचे हात पिवळेधमक होऊन वाळलेले होते. लग्नातल्या बुद्धवंदनेला तिच्याशेजारी बसायला तेवढं मिळालं.

आई म्हणाली, "आता रायशील नं चार दिवस?"

"मंगळवारचं तिकीट हाये, माय."

"चांगले लोक हायेत," आई म्हणाली, आणि पाणी तापवायला उठून गेली.

जुनं मशीन अजून गेलेलं नाही. वर कापड टाकून कोपऱ्यात ठेवलंय, रोज थोड्या फायली नव्यावर नेते. किती राहिल्या ते काका विचारत नाहीत, मीही सांगत नाही. हात वळतोय हळूहळू. आधी च, मग वेलांटी.

परवा काका चांगल्या मूडमध्ये होते. चहावाला दारात आला तसे मोठ्याने म्हणाले, "अहो बाई, आपण चहा घेणार का?"

गंमतच होती ती. मी हसलेसुद्धा. मग पडद्याकडे पाहिलं, तर वेलांटी आधी पडली होती, आणि तिच्याखाली तो रिकामा गोल.