एका टोल्याचा मिस्त्री

"गाडी बंद पडली तर दोष गाडीचा, पण चालू होऊन पुन्हा बंद पडली तर दोष मिस्त्रीचा," असं छिंगहुई एकदा बोलून गेला होता.

बुदाई गावातल्या देवळासमोर सुपारीच्या टपरीवर कुणीतरी पलीकडच्या गावातल्या मिस्त्रीची टिंगल चालवली होती. तिच्यात भर घालायला म्हणून तो हे बोलला. लोक हसले. पुढे कुणाचीही गाडी रस्त्यात अडली की हेच वाक्य त्याच्या नावानिशी फिरू लागलं, आणि ते कानावर आलं की छिंगहुईला बरं वाटे.

त्याचा बाप मिठागरात राबून गेला. म्हाताऱ्याच्या टाचांच्या भेगा मरेपर्यंत मिटल्या नाहीत. ते पाय रोज बघूनच बहुधा छिंगहुईने कोवळ्या वयात काओशुंग शहराची वाट धरली, बंदराजवळच्या एका गॅरेजात काम शिकला आणि फिकथोशी लग्न करून परत आला, तो एक तयार कान घेऊन. गाडीच्या सेल्फचं बटण दाबलं की तो डोळे मिटायचा. नुसती टकटकटक ऐकू आली तर बॅटरी उतरलेली. काहीच आवाज नसेल तर बटणात किंवा वायरीत मीठ शिरलेलं. मोटार गरगरतेय आणि इंजिन मात्र ढिम्म, तर दोघांमधला क्लच गेलेला. आणि एकच 'टक' होऊन सगळं थंड पडलं, तर करंट मोटारीच्या दारापर्यंत येतोय पण मोटार त्याला आत घेत नाही. या किनाऱ्यावर मीठ कशातही शिरतं. अर्थिंगच्या तारा आतून हिरव्या पडतात, नट हातात भुगा होऊन येतात. जुन्या गाड्यांचा सेल्फ इथे जितका मरतो तितका कुठे मरत नसेल.

सेल्फच्या मोटारीत कार्बनचे दोन ठोकळे असतात. स्प्रिंगच्या जोरावर ते फिरत्या आर्मेचरला, म्हणजे मोटारीच्या गाभ्याला, टेकून राहतात आणि त्यांच्यातून करंट जातो. झिजून आखूड झाले की ते आपल्या खाचेत अडकतात, टेकतच नाहीत. अशा वेळी मोटारीच्या पाठीवर हातोडीच्या दांड्याने बेताचा टोला द्यायचा. कार्बन हलतो, टेकतो, गाडी सुरू होते. काओशुंगच्या उस्तादाने हा टोला शिकवला होता तो रोग ओळखण्यापुरता. टोल्याने चालू झाली ना, मग कार्बन गेलेत. आता मोटार उतरव आणि उघड. पण उघडणं होतं दुकानाच्या आत, बाकड्यावर. टोला पडतो रस्त्यावर. लोकांनी टोला पाहिला.

'एका टोल्याचा हुई' असं नाव पडलं. आधी आधी तो संकोचायचा. "अहो, खरं काम तर पुढंच आहे," असं म्हणायचा. मग ते म्हणणं सुटलं. पुढे पुढे तर आणखी दोन माणसं जमेपर्यंत तो उगाच हातोडी शोधत राही.

समुद्रदेवी माझूआईची पालखी निघायची त्या सकाळी बोंगछी गाडी ढकलत देवळासमोर आली. बोंगछी म्हणजे 'आलीच आहे तर पोसा'. आपल्याकडे नकुशी ठेवतात, तसलं नाव. पन्नाशीची विधवा, कालवं फोडायच्या शेडमध्ये काम करणारी, बोटांना कायम चिंध्या गुंडाळलेली. गाडी तिच्या नवऱ्याची. किकच्या दांड्याचे दाते तो जिवंत असतानाच झिजून गेले होते, तेव्हा सगळा भार सेल्फवर.

छिंगहुई पालखीचा खांदेकरी होता. पिवळा सदरा, टोपी, हातात कोरे पांढरे हातमोजे.

"मिस्त्री, बघा ना जरा. नुसतं टक करते आणि गप्प बसते," बोंगछी म्हणाली.

"म्हणजे तुझ्या अगदी उलट!" टपरीवरून कुणीतरी ओरडलं.

"तू गप्प रे. तुझी बायको बोलायला लागली की तू कुठं लपतोस ते सांगू का सगळ्यांना?"

हशा पिकला. छिंगहुईने बटण दाबलं. एकच टक. डोळे मिटायचीही गरज नव्हती. कार्बन संपलेले. मोटार उतरवून उघडायला हवी होती, आणि नाहीच जमलं तर निदान तोंडाने सांगायला हवं होतं, की आज ही नेऊ नकोस. हातमोजे काढावे लागले असते. ढोलवाले तयार होते, उदबत्त्यांचा धूर वर चढत होता आणि सगळे खांदेकरी त्याच्याकडे बघत होते.

"हुई, होऊन जाऊ दे एक टोला!"

त्याने थाळी वाजवणाऱ्याच्या हातातली मोगरी घेतली, उलटी धरली आणि दांड्याने मोटारीवर एक टोला दिला. गाडी सुरू झाली. टाळ्या पडल्या. मोगरी परत देताना त्याने किंचित मान झुकवली, नटाने झुकवावी तशी.

"आणखी काही करायला नको ना?" बोंगछीने विचारलं. "आईकडे जायचंय. तिचं काही खरं नाही आता."

"झालं की! जा बिनधास्त," छिंगहुई म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिकथोने पेजेचा वाडगा त्याच्यापुढे ठेवला. खांदा सुजून आला होता, आणि ते दुखणं त्याला आवडत होतं.

"कळलं का? बोंगछीची आई गेली काल."

"पोचली होती का ती?"

"कुठली पोचतेय! गेली होती म्हणे निघून वेळेवर. मिठागराच्या बांधावर ट्रॅक्टर आडवा आला, थांबावं लागलं, आणि इंजिन बंद पडलं. मग काही केल्या चालू होईना. बांधावर चिटपाखरू नाही, सगळं गाव तुमच्या पालखीमागं. वेशीपाशी पोचते तर घरातून रडण्याचा आवाज."

"मग?"

"मग काय. लेकीला उशीर झाला की जे करावं लागतं तेच. वेशीपासून घरापर्यंत गुडघ्यांवर, टाहो फोडत. त्या वस्तीत वाटेवर सगळा शिंपल्यांचा चुरा. गुडघे सोलून निघाले म्हणतात." फिकथोने मुळ्याचं लोणचं त्याच्याकडे सरकवलं. "शेडमध्ये मात्र तुमचं नाव निघत होतं हं. हुई मिस्त्रीने टोला मारला म्हणून बिचारी अर्ध्या वाटेपर्यंत तरी गेली."

छिंगहुईने चमचा उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"का हो? पेज खारट झालीय का?"

"नाही."

दुपारी मिठाच्या ट्रकवाल्याने बांधावरून उचललेली ती गाडी दुकानात आणून टाकली. छिंगहुईने तिला स्टँडवर घेतलं आणि मोटार उतरवायला खाली वाकला, तेव्हा त्याला खुणा दिसल्या. इंजिनच्या झाकणावर, पाइपावर, खालच्या पत्र्यावर पोचे पडले होते. कुठे रंग उडालेला, कुठे दगडाची पांढरी भुकटी अजून चिकटलेली. बोंगछीने दगड उचलला होता. त्याच सकाळी तिने पाहिलं होतं, की एक टोला दिला की गाडी सुरू होते. तो नेमका कुठे द्यायचा हे तिला ठाऊक नव्हतं, म्हणून तिने सगळीकडे दिला. गाडी टाकून ती धावत सुटली असती तर कदाचित पोचली असती. ती बांधावर उकिडवी बसून ठोकत राहिली, बटण दाबत राहिली, पुन्हा ठोकत राहिली. किती वेळ, ते त्या खुणांवरून दिसत होतं.  छिंगहुईने त्या खुणांवरून तळहात फिरवला. लोखंड थंड होतं.

मग त्याने दुकानाचं अर्धं दार ओढून घेतलं आणि मोटार उघडली. आतून काळी भुकटी सांडली. कार्बन खाचेच्या तळाला गेलेले, नखभरही उरलेले नाहीत. एक तिरका होऊन अडकलेला. हे त्याला न उघडताच माहीत होतं. उघडल्यावर एवढंच कळलं, की माहीत असण्याचा कुणालाही काही उपयोग झाला नव्हता.

त्याने आर्मेचरचं तांबं बारीक पॉलिश कागदाने हलक्या हाताने घासलं, लाल चकाकी येईपर्यंत. पट्ट्यांमधल्या बारीक फटींत बसलेला कार्बनचा गाळ करवतीच्या मोडक्या पात्याने खरवडला. नवे कार्बन घासून खाचेत ते अलगद सरकतील एवढे केले, नव्या स्प्रिंगा घातल्या, बेअरिंगला ग्रीस दिलं. अर्थिंगची हिरवी पडलेली तार काढून नवी घातली. मोटार चढवली, बटण दाबलं. टकही ऐकू आलं नाही. मोटार फिरली आणि इंजिन धडधडू लागलं. त्याने बंद केलं, पुन्हा दाबलं. असं तो करत राहिला, जणू कधीतरी एकदा ती नकार देईल. ती दरवेळी सुरू होत होती. एवढं चांगलं काम त्याच्या हातून बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं, आणि ते बघायला कुणी नव्हतं. कुणी बघावं असं त्याला वाटतही नव्हतं.

"पोचवून येतो," त्याने आत सांगितलं.

"सुतकाच्या घरी? गाडी घेऊन? त्यांचा माणूस येईल की न्यायला."

"मीच जातो."

बांधावरून जाताना त्याने बोलायचे शब्द जुळवून ठेवले. तीनच वाक्यं होती.

घरापुढे मांडव घातला होता. बायका टेबलाभोवती बसून मयतासाठी जाळायची पिवळ्या कागदाची कमळं दुमडत होत्या. बोंगछी एका कडेला, अंगात सुतकाचा तागाचा जाडाभरडा कपडा, पाय लांब सोडून बसलेली. गुडघे वाकत नव्हते. छिंगहुईने उदबत्ती लावली, तसबिरीपुढे तीनदा वाकला. बोंगछीचा थोरला भाऊ इंगक्यात पुढे आला आणि त्याने त्याला बाकावर बसवलं.

"या, मिस्त्री. तुम्ही आलात ते बरंच झालं," इंगक्यात म्हणाला. "तुमच्या तोंडून ऐकायचंय. गाडी खरंच बिघडली होती का हो? आमच्या बहिणाबाईंचं काय सांगावं! आईचं आणि हिचं कधी पटलं नाही. जीव जायच्या वेळी नेमकी हिचीच गाडी बंद पडते?"

"दादा," बोंगछी कागदावरून नजर न काढता म्हणाली.

"दादा काय? गाडी ढकलायला ताकद होती ना, मग चार पावलं पळायला काय झालं होतं? का बटण दाबून दाबून तूच जाळलीस ती मोटार?"

बायकांचे हात मंदावले. सगळे छिंगहुईकडे बघत होते. तो उभा राहिला.

"कार्बन संपले होते," तो म्हणाला. "ते मला काल सकाळीच कळलं होतं. मी तिला सांगितलं नाही, उलट बिनधास्त जा म्हटलं. तिचा यात काही दोष नाही."

ती तीन वाक्यं चार झाली होती, आणि एवढी स्वच्छ बोलली गेली की त्याचं त्यालाच नवल वाटलं.  मग इंगक्यातने त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

"बघा," तो बायकांकडे वळून म्हणाला, आणि त्याचा आवाज भरून आला होता. "याला म्हणतात भला माणूस. माझ्या बहिणीची अब्रू राहावी म्हणून दुसऱ्याच्या दारात उभं राहून दोष स्वतःच्या अंगावर घेतो. अहो मिस्त्री, सगळ्या गावाने पाहिलं तुम्ही तिच्यासाठी काय केलंत. उलट आम्हीच तुमचे देणेकरी. बसा. चहा आणा रे."

"मी मनापासून सांगतोय," छिंगहुई म्हणाला.

"असणारच ना. तुमच्यासारखी माणसं मनापासूनच सांगतात."

"हल्ली कोण एवढं करतं?" एक म्हातारी म्हणाली. तिच्या बोटांत कमळ पुन्हा दुमडायला लागलं.

अजून सांगता आलं असतं. आवाज चढवता आला असता, इंगक्यातचा हात झटकता आला असता, मांडवाबाहेर उभी असलेली गाडी दाखवून एकेक गोष्ट फोडून सांगता आली असती. ओठांवर शब्द होते. पण चहा आला, आणि कप त्याच्या हातात दिला गेला. सगळे त्याच्याकडे मायेने बघत होते. देवळासमोर बघतात तसेच. त्याने एक घोट घेतला. कढत होता तरी गिळला. तो घोट घशाखाली उतरला तेव्हा छिंगहुईला कळलं, की आता आपण पुन्हा बोलणार नाही.

आणि बहिणीवरचा दोष तसाच राहिला. इंगक्यातने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

बोंगछीने टेबलाला धरून स्वतःला थोडं पुढे ओढलं. फक्त त्यालाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात तिने विचारलं, "मिस्त्री, टोला नेमका कुठं मारायचा असतो हो? मी चुकीच्या जागी मारत होते ना?"

तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, टोमणा नव्हता. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं.

छिंगहुईने कप बाकावर ठेवला आणि उठला. सुतकाच्या घरातून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं, त्यामुळे कुणाला काही वावगं वाटलं नाही. बायकांनी पाय आखडून त्याला वाट दिली. तो मांडवाबाहेर पडला आणि पायीच बांधाला लागला.