दुसरा नंबर

माझ्या नवऱ्याचं यकृत निकामी होत चाललं होतं, तेव्हा आम्ही हैदराबादला साडेसात महिने राहिलो. पुण्याच्या डॉक्टरांनी तिथलं एक हॉस्पिटल सुचवलं. यादीत नाव घालताना त्यांची अट एकच होती, फोन आल्यावर दोन तासांत पेशंट दारात हजर हवा. पुण्यात बसून ते होणार नव्हतं. मी शाळेत बिनपगारी रजा टाकली आणि बरकतपुऱ्यात दोन खोल्या घेतल्या.

घरच्यांपैकी कुणी यकृताचा तुकडा का दिला नाही, असं बरेच जण विचारतात. मुलीचा रक्तगट जुळला नाही. माझं यकृत तपासलं आणि चरबी फार आहे म्हणून नाकारलं. नाकारलं तेव्हा मला हायसं वाटलं होतं. हे तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

दुसरं विचारतात ते दारूचं. तोंडानं विचारत नाहीत, नजरेनं विचारतात. त्यामुळे मी आधीच सांगून टाकायचे, की हे दारूला शिवत नाहीत, आजार वेगळा आहे. रिक्षावाल्यालासुद्धा सांगायचे. नवरा म्हणायचा, "अगं, त्याला हॉस्पिटलला जायचा रस्ता सांग फक्त."

घरमालकीण सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या. त्यांच्या घराण्याच्या कितीतरी पिढ्या हैदराबादेतच गेलेल्या. मराठी बोलायच्या, पण पेपर वाचायच्या तेलुगू. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "परेशान होऊ नका हो. हौ म्हणा, सगळं ठीक होतंय." मी त्यांना काकू म्हणू लागले. सकाळी त्या ओट्यावर बसून मला पेपरातल्या बातम्या मराठीत सांगायच्या, माझी करमणूक म्हणून. एकदा त्यांनी रिंग रोडवरच्या मोटरसायकलच्या अपघाताची बातमी वाचली. एक मुलगा डोक्याला मार लागून बेशुद्ध होता.

मी विचारलं, "कुठल्या हॉस्पिटलात नेलं त्याला?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मग पेपरात बघितलं. "ते नाही लिहिलं," म्हणाल्या आणि पान उलटलं. त्यानंतर त्यांनी अपघाताची बातमी मला कधी वाचून दाखवली नाही.

माझ्या प्रश्नाचा अर्थ त्यांना माझ्याआधी कळला होता. मला तो काही दिवसांनी काचीगुड्याच्या चौकात कळला. सिग्नलला एक तरुण गाडी घेऊन उभा होता. हेल्मेट हँडलला अडकवलेलं, अंगानं धडधाकट, रंग तुकतुकीत. मी त्याच्याकडे बघत राहिले आणि मनात आलं ते इतकं स्पष्ट आलं, की मी दुकानाच्या पायरीवर बसले. आमच्या वाट्याला यकृत यायचं तर कुणाचा तरी मेंदू मरायला हवा होता आणि बाकीचं शरीर चालू राहायला हवं होतं. मी रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावून हेच मागत होते. शब्द फक्त वेगळे होते.

दर मंगळवारी हॉस्पिटलात तपासणी असायची. तिथेच ती भेटली. अंबरपेठेत राहायची, घरीच ब्लाउज शिवायची. वयानं माझ्याहून थोडी लहान. तिचा धाकटा भाऊ आजारी होता, इलेक्ट्रिशियनचं काम करायचा. आई-वडील नव्हते, त्याचं लग्न झालेलं नव्हतं. तिला स्वतःला साखर होती, म्हणून तिचंही यकृत चाललं नव्हतं. घरी तेलुगू बोलायची, माझ्याशी तिकडच्या हिंदीत. मला दीदी म्हणायची, तिचा भाऊ माझ्या नवऱ्याला अंकल म्हणायचा. डोळे हळदीसारखे पिवळे झालेले, पोट फुगलेलं, तरी बाकावर बसून पंख्याचं रेग्युलेटर कसं बिघडतं ते नवऱ्याला समजावून सांगायचा. नवरा कारखान्यातला माणूस, त्याला ते ऐकायला आवडायचं. मंगळवारची तो त्यासाठी वाट बघू लागला होता.

मला त्या शहरात काही कळत नव्हतं तेव्हा तिनं मला सगळं दाखवलं. शाळेला सर्टिफिकेटं पाठवायची होती, तर ती दोन बस बदलून माझ्याबरोबर आबिड्सच्या पोस्टात आली. रांगेत उभ्या उभ्या माझ्या खांद्याकडे बघून म्हणाली, "ये ब्लाउज कौन सिया? बहुत खराब सिया." पुढच्या मंगळवारी तिनं दोन ब्लाउज आणून दिले, माप न घेता शिवलेले. इतके नीट ब्लाउज मला आजवर कुणी शिवून दिले नव्हते.

तिच्या भावाचा आणि माझ्या नवऱ्याचा रक्तगट एकच होता. भावाची अवस्था जास्त वाईट, म्हणून यादीत तो पुढे. आम्ही दोघी ते जाणून होतो, बोलत नव्हतो. मी भेटल्याबरोबर विचारायचे, "भाई कैसा है?" तिला वाटायचं दीदीला काळजी आहे. काळजी होतीच. पण त्या काळजीच्या पोटात आणखी काहीतरी होतं. "आज अच्छा है," असं ती म्हणाली की माझा चेहरा कसा होतो, ते मला आरशात बघायची हिंमत झाली नसती.

फोन आला तो सकाळी, पावणेदहाला. मी मेथी निवडत होते. हॉस्पिटलातली समन्वयक बाई बोलत होती. "पेशंटला काही खायला देऊ नका, लगेच निघा. पण तुमचा नंबर दुसरा आहे. पहिल्या पेशंटला काही अडचण आली तरच तुमचा विचार होईल."

पहिला पेशंट कोण, ते मला विचारावं लागलं नाही.

काकूंनी आमच्या हातावर साखर ठेवली, मग आठवलं तशी नवऱ्याच्या हातावरची परत काढून घेतली. नवरा शर्ट घालताना म्हणाला, "नाही झालं तर परत येऊ. त्या पोराचं होईल, तेही बरंच आहे की." त्यानं हे अगदी सहज म्हटलं. मला त्याचा राग आला.

वॉर्डात दोघांच्या खाटा शेजारी शेजारी होत्या. दोघांचं रक्त घेतलं, छातीचे फोटो काढले, ताप बघितला. दोघांचाही ताप नॉर्मल. मग बायकांना बाहेर बसवलं. लांबलचक व्हरांडा, लोखंडी खुर्च्या. ती माझ्या शेजारी बसली, माझा हात हातात घेतला. तिचा हात गार होता. थोड्या वेळानं ती माझ्या कानाशी आली.

"दीदी, भाई को रात से बुखार था. खाँसी भी. सुबह मैं गोली दी." मग माझा हात घट्ट दाबून म्हणाली, "किसी को बोलना नक्को. ये मौका गया तो वो बचता नहीं."

मी म्हणाले, "नहीं बोलूँगी."

ती तोंड धुवायला गेली, परत आली, पण या वेळी थोडी लांब, पंख्याखालच्या खुर्चीवर बसली. डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती. मी किती वेळ बसले होते ते सांगता येत नाही, दहा मिनिटं असतील. तेवढ्यात समन्वयक बाई फॉर्म घेऊन माझ्याकडे आली. मी सही केली. पेन परत देताना मी तिला सांगितलं, की पहिल्या पेशंटला काल रात्रीपासून ताप आहे, सकाळी गोळी देऊन उतरवलाय.

हे मी इंग्रजीत सांगितलं. एरवी मी तिच्याशी हिंदीतच बोलायचे. दहा पावलांवर बसलेल्या त्या बाईला कळू नये म्हणून मी भाषा बदलली. समन्वयक बाईनं मान हलवली आणि झरझर आत निघून गेली.

जंतुसंसर्ग असताना यकृत बसवलं तर पेशंट हमखास दगावतो, असं डॉक्टरांनी आम्हाला पहिल्याच भेटीत सांगितलेलं होतं. म्हणजे मी बोलले ते त्याच्या भल्याचंच होतं. आजही कुणाला विचारलं तर तो हेच म्हणेल. पण मी ते त्याच्या भल्यासाठी बोलले नव्हते. बोलताना तो माझ्या मनात कुठेच नव्हता.

दुपारी डॉक्टर बाहेर आले. त्यांनी तिला बाजूला घेतलं. रक्तात संसर्ग दिसतोय, छातीच्या फोटोत डाग आहे, आज करता येणार नाही. ती वाद घालत राहिली, आधी हिंदीत, मग तेलुगूत, मग नुसती उभी राहिली. आतून नवऱ्याची ट्रॉली निघाली. खाटेवरून तिच्या भावानं हात वर केला आणि म्हणाला, "अंकल, ऑल द बेस्ट." नवऱ्यानं त्याच्याकडे वळून बघितलं.

ऑपरेशन नीट झालं. माझ्याबरोबर काकू येऊन बसल्या होत्या. डॉक्टरांनी येऊन सांगितलं तेव्हा त्या रडल्या. मला रडू आलं नाही, भूक लागली. खाली कँटीनमध्ये जाऊन मी तीन इडल्या खाल्ल्या. ज्या कुणाचं यकृत होतं, तिच्या किंवा त्याच्या घरी त्या वेळी काय चाललं असेल, हा विचार मी इडली संपेपर्यंत लांब ठेवला.

बाराव्या दिवशी ती नवऱ्याला बघायला आली. काचेबाहेरूनच बघितलं, नमस्कार केला. भाऊ घरी होता, खोकला कमी झाला होता, यादीत नाव अजून पहिलंच होतं. व्हरांड्यात आम्ही उभ्या होतो.

"दीदी, एक बात पूछूँ? उनको गोली का कैसा मालूम हुआ? मेरेकू पूछे वो लोगाँ, गोली दिए क्या करके."

मी म्हणाले, "खून की जाँच में आया होगा."

तिनं माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग म्हणाली, "हौ, वहीच होंगा."

ती हे मानून म्हणाली, की मला सोडून देण्यासाठी म्हणाली, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

तिचा भाऊ त्यानंतर तीन आठवड्यांनी गेला. रक्ताची उलटी झाली, हॉस्पिटलात नेईपर्यंत संपलं. मधल्या काळात त्याच्यासाठी दुसरा फोन आला नव्हता. मी अंबरपेठेला गेले. पहिल्यांदाच तिच्या घरी जात होते. खाली किराण्याचं दुकान, वर एक खोली, शिवणयंत्रावर चादर टाकलेली. खोलीत बायका बसल्या होत्या. तिनं मला पाणी दिलं आणि शेजारच्या म्हाताऱ्या नातेवाईक बाईला तेलुगूत माझी ओळख करून दिली. त्या बाईनं माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "अदृष्टम्."

तेवढा शब्द मला कळला. काकूंकडून कानावर पडलेला होता. तेलुगूत त्याचा अर्थ चांगलं नशीब. आमच्याकडे अदृष्ट म्हणजे जे दिसत नाही ते. मी मान खाली घातली. त्यांना वाटलं असेल, बाई विनयी आहे.

निघताना ती दारापर्यंत आली. "साब को संभालो," इतकंच म्हणाली. मी तिला तेव्हा सांगू शकले असते. जिना उतरताना तसं ठरवलंही, परत वर जाऊ. रिक्षा आली, मी बसले.

हैदराबाद सोडण्याआधीच्या शेवटच्या तपासणीला मी तिथल्या तरुण डॉक्टरला विचारलं, की त्या दिवशी कुणी सांगितलं नसतं, तर पहिल्या पेशंटचा संसर्ग तुम्हाला कळला असता का? त्याला कोणता पेशंट तेच आठवेना. मी आठवण करून दिली. तो म्हणाला, "कळला असता बहुतेक. रिपोर्ट येतातच." मग त्यानं पुढचं नाव पुकारलं. त्या "बहुतेक"वर मी बरेच महिने काढले. कधी वाटायचं, माझ्या बोलण्यानं काहीच फरक पडला नाही, सगळं तसंही तसंच झालं असतं. पण त्यानं माझी सुटका होत नव्हती. फरक पडो न पडो, मी बोलले होते, आणि परकी भाषा निवडून बोलले होते. एकोणपन्नास वर्षं मी स्वतःला बरी बाई समजत आले होते. पुण्यात तसं समजायला काही अडचण आली नव्हती, कारण पुण्यात माझ्यावर अशी वेळच आली नव्हती.

पुण्याला परतल्यावर शाळेत पेढे वाटले. सगळ्या म्हणाल्या, तू नशीबवान. नवऱ्याच्या बहिणीनं सत्यनारायण घातला. मी पूजेला बसले, कथा ऐकली.

नवऱ्याला मी दीड वर्षानं सांगितलं. रविवार होता, तो खिडकीत बसून मिक्सरचं भांडं दुरुस्त करत होता. मी सगळं सांगितलं, इंग्रजीत बोलले तेही, अंबरपेठेचंही. तो स्क्रू वाटीत ठेवत राहिला. माझं संपल्यावर त्यानं विचारलं, "वय काय होतं गं त्याचं?"

"तेहतीस."

तो "बरं" म्हणाला. भांडं जोडून झालं, त्यानं ते स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं, आणि खोलीत जाऊन पडला. जेवायला उठला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं आठ वाजताच्या गोळ्या वेळेवर घेतल्या, रोज घेतो तशा. त्याबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. ऑपरेशनला वर्ष झालं तेव्हा मुलीनं केक आणला होता. दोन वर्षं झाली तेव्हा त्यानं तिला फोन करून सांगितलं, या वेळी काही आणू नकोस.