टीव्हीतलं उलटं पान

तमाम नातेवाईक, शेजारीपाजारी आणि ज्यांचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नाही अशा सर्व सुज्ञ जनांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, जानेवारीतल्या एका रविवारी, दुपारी चारच्या सुमारास, पंचवटीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये एक केळीचं पान माझ्या सासऱ्यांच्या जिवावर उठलं. पान टीव्हीत होतं. सासरे सोफ्यावर होते. मध्ये चहाचे चार कप आणि मी.

हसून घ्या. त्या दिवशी चार वाजून पाच मिनिटांपर्यंत मीही हसतच होते.

सासऱ्यांना आम्ही अण्णा म्हणतो. अण्णांच्या डाव्या किडनीत गाठ निघाली होती. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की गाठ अजून किडनीच्या आतच आहे, आताच अख्खी किडनी काढून टाकली तर उरलेल्या एकीवर माणूस आरामात जगतो, पण थांबलात तर पुढचं मी सांगू शकत नाही. अण्णांना हो म्हणायला तीन आठवडे लागले. तेही कसं, तर दार नुसतं लोटून ठेवावं तसं. कडी नाही. वारा आला की उघडणार. ऑपरेशन मंगळवारी होतं, आणि रविवारची दुपार वारा न येता निघून जावी एवढीच आमची इच्छा होती.

अण्णांनी आयुष्यभर गोदाघाटावर उपाध्येपण केलं. कुठून कुठून आलेली अनोळखी माणसं त्यांच्यासमोर बसायची आणि अण्णा सांगायचे तसं जानवं या खांद्यावरून त्या खांद्यावर घ्यायची. डाव्या खांद्यावर असलं की देवांचं काम, उजव्या खांद्यावर घेतलं की पितरांचं. पन्नास वर्षं माणसांना डावं-उजवं सांगण्यात गेल्यावर ते रक्तातच उतरतं. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांच्या ताटात चटणी उजवीकडे वाढली. अण्णांनी ताटाकडे असं पाहिलं की मला वाटलं त्यात पाल पडली. सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात नेलं आणि हळूच म्हणाल्या, “अगं, उलटं पान पितरांना वाढतात. ते अजून आहेत.”

तर रविवारी दुपारी आम्ही खुनाची मालिका बघायचो. सगळे भाग एकदम आलेले होते, पण आईंचा, म्हणजे सासूबाईंचा, नियम होता: आठवड्याला एकच. पहिल्या दहा मिनिटांत त्या खुनी कोण ते जाहीर करायच्या. त्यांच्या मते खुनी नेहमी स्वयंपाकी असायचा, मालिकेत स्वयंपाकी नसला तरी.

त्या रविवारच्या भागात इन्स्पेक्टरला स्वप्न पडतं. बिचारा जीपमध्ये डुलकी घेतो आणि डोळे उघडतो तो थेट लहानपणीच्या घरात. घरात घोट्यापर्यंत पाणी. आवाज कसलाच नाही, फक्त कुठेतरी पितळेच्या भांड्यावर पळी आपटते आहे. लिफ्टचं दार उघडतं तर आत एक पांढरा घोडा उभा, मान वर करून मजल्यांचे आकडे बघणारा. इन्स्पेक्टर पुढे जातो. स्वयंपाकघरात कुणीतरी पाठमोरं पाटावर बसलेलं. इन्स्पेक्टरची सावली पाण्यात पडते, त्या माणसाची पडत नाही. मग कॅमेरा त्याच्या डोक्यावरून हळूहळू वर जातो आणि पुढ्यातल्या पानावर थांबतो. भाताची वाफ निघते आहे. तो माणूस पहिल्या घासाला हात पुढे करतो, आणि फोन वाजतो, इन्स्पेक्टर जागा.

आमची चर्चा ताबडतोब सुरू झाली. नवऱ्याच्या मते घोडा म्हणजे पहिल्या भागातला बिल्डर. मी म्हटलं, घोडा म्हणजे इन्स्पेक्टरची सदसद्विवेकबुद्धी, आणि ती लिफ्टमध्ये अडकली आहे. साहित्यात एम.ए. केलंय, कुठेतरी वापरायला नको? आई म्हणाल्या, घोडा जाऊ दे, भात कोणी शिजवला ते बघा.

“मागे घे,” अण्णा म्हणाले.

मी मागे घेतलं. पान आलं. “थांबव.” मी थांबवलं. अण्णा सोफ्यावरून उठले आणि टीव्हीच्या इतके जवळ गेले की त्यांच्या चष्म्यात ते पान दिसायला लागलं, दोन्ही काचांत एकेक.

“पितरांचं पान आहे,” ते म्हणाले.

आम्ही पाहिलं. चटणी-कोशिंबीर उजवीकडे. भाजी डावीकडे. पानाचं टोक उजवीकडे. भोवती रांगोळीचं बोट नाही; ती जिवंत माणसाच्या पानालाच काढतात. मी म्हटलं, अहो, टीव्हीवाल्यांना काय कळतंय. त्यावर अण्णा अगदी मऊ आवाजात बोलले. रागावले असते तर बरं झालं असतं. “मंगळवारी मला झोपवणार आहेत ना? झोपेत माणूस कुठे जाऊन जेवायला बसतो, ते दाखवलंय यात.”

मग ते आतल्या खोलीत गेले. हॉस्पिटलची बॅग दोन दिवसांपासून भरून ठेवलेली होती. बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला, नंतर कपाटाचं दार. धोतर परत कपाटात गेलं. मग बंड्या. मग पंचा. आम्ही तिघं त्या वाफाळत्या थांबलेल्या भाताकडे बघत होतो. आई एवढंच म्हणाल्या, “आता ते जाणार नाहीत.”

नाटकात समोरचा नट वाक्य विसरला की काहीही बोलून वेळ मारून न्यावी लागते. कॉलेजात असताना मी यात तरबेज होते. मी आतल्या खोलीच्या दारात उभी राहिले आणि ठणकावून सांगितलं की अण्णा, चित्र उलटं केलंय. स्वप्न आहे हे कळावं, बघणाऱ्याला कसंतरी व्हावं, म्हणून हे लोक स्वप्नातलं सगळं चित्र डाव्याचं उजवं करून टाकतात. याला काही आधार? शून्य. पण बोलता बोलता मीच टीव्हीकडे वळून पाहिलं आणि मला दिसलं की भिंतीवर एक कॅलेंडर आहे आणि त्यावरची अक्षरं वाचता येत नाहीत.

मी हातआरसा आणला. अण्णांना टीव्हीकडे पाठ करून बसवलं आणि आरसा त्यांच्या हातात दिला. ते दाढी करायला बसल्यासारखे दिसत होते. आम्ही त्यांच्या मागून माना घातल्या. आरशात कॅलेंडरवर स्वच्छ ‘फाल्गुन’ उमटलं. आणि खाली पान: चटणी डावीकडे, भाजी उजवीकडे, टोक डावीकडे.

थाप मारली होती आणि ती खरी निघाली होती.

अण्णांनी बराच वेळ आरसा हलवून हलवून पाहिलं. “आरशात सरळ आहे,” शेवटी म्हणाले, आणि चहा मागितला. आईंनी मुकाट्याने आत जाऊन धोतर पुन्हा बॅगेत भरलं. मी स्वयंपाकघरात आधण ठेवलं आणि एकटीनेच विजयाची एक गिरकी घेतली. कथा इथे संपायला हरकत नव्हती.

पण माझा नवरा सातपूरला एका कारखान्यात माल तपासायच्या खात्यात आहे, आणि बायकोची बाजू घ्यायची संधी त्याला क्वचितच मिळते. “अण्णा, हे असं होतंच,” त्याने सुरुवात केली. एकदा म्हणे त्यांच्याकडे ड्रॉइंग चुकून आरशातल्यासारखं छापून आलं, आणि डाव्या बाजूला बसवायच्या पट्ट्यांची अख्खी खेप उजव्या बाजूची बनली. माप तेच, भोकं तीच. ती पुढे जाऊन बसवायला घेतली तेव्हा कुठे कळलं. मी टीपॉयखालून त्याचा पाय दाबत होते. त्याला वाटलं, मी शाबासकी देते आहे.

“आधी तपासलं नव्हतं कुणी?” अण्णांनी विचारलं.

“तपासलं ना. तिघांच्या सह्या होत्या.”

“तुझी?”

“माझीपण.”

अण्णांनी कप बशीत ठेवला. “म्हणजे सह्या करूनसुद्धा डाव्याचं उजवं होतं,” ते म्हणाले. “आणि आरसा रांगोळी पुसत नाही.”

सगळं उलटं करून पाहिलं तरी त्या पानाभोवती रांगोळी नव्हतीच.

सोमवारी सकाळी अण्णांनी फाइलमधून स्कॅनची ती मोठी काळी फिल्म काढली. खिडकीपाशी गेले आणि दोन्ही हातांनी उन्हासमोर धरली. बाहेर द्राक्षवाला ओरडत होता. आम्ही एकेक करून त्यांच्या मागे जाऊन उभे राहिलो. गाठ डॉक्टरीणबाईंनी आम्हाला आधी दाखवली होती, त्यामुळे ती ओळखायला वेळ लागला नाही. करडी, गोल, बोराएवढी.

उजवीकडे होती.

नवऱ्याने घाईने फिल्म उलटी करून पाहिली. तशी गाठ डावीकडे आली, पण वरचं छापील नाव उलटं झालं. पुन्हा सरळ केली. नाव सरळ, गाठ उजवीकडे. कागदावर सगळीकडे लिहिलेलं होतं: डावी. कागदांवर सह्या होत्या. मी मोजल्या नाहीत, पण तीनपेक्षा जास्त होत्या. उद्या चांगली किडनी काढून टाकली आणि गाठीची आत राहिली तर अण्णांकडे काय उरणार, हा विचार आमच्या चौघांच्या मनात एकाच वेळी आला असावा, कारण कुणीच कुणाकडे बघेना. टीव्हीतली भीती बंद करता येते. ही आमच्या खिडकीत होती.

“मी जात नाही,” अण्णा म्हणाले.

आईंनी त्यांच्या हातातून फिल्म घेतली, पाकिटात घातली आणि पाकीट बगलेत मारलं. “अहो, नका करू ऑपरेशन,” त्या म्हणाल्या. “पण त्या बाईंना विचारायला तरी चला. न विचारता मेलात तर मी कुणाला विचारू?”

संध्याकाळी आम्ही हॉस्पिटलमध्ये होतो. डॉक्टरीणबाई घाईत होत्या, अजून तीन पेशंट बघायचे होते. अण्णांनी फिल्म पुढे केली आणि बोट ठेवलं. बाई हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांची जन्माची ऋणी आहे. त्यांनी अण्णांना कॉटवर बसवलं आणि स्वतः त्यांच्या समोर उभ्या राहिल्या.

“आजोबा, फिल्म अशी बघतात,” त्या म्हणाल्या. “तुम्ही असे माझ्या समोर. तुमची डावी बाजू माझ्या कुठल्या हाताला आली?”

अण्णांनी त्यांच्या हाताकडे पाहिलं. मग त्यांचा स्वतःचा हात सावकाश जानव्याकडे गेला. मला त्या क्षणी घाट दिसला. समोर कुणीतरी परगावचा माणूस, काहीच न कळणारा, अण्णा करतील तसं करणारा. त्याने डाव्या खांद्याला हात लावावा म्हणून अण्णा आपल्या उजव्या खांद्याला लावायचे. पन्नास वर्षं.

“यजमान समोर बसतो,” अण्णा म्हणाले.

बाईंना काही कळलं नसणार. पण त्या म्हणाल्या, “हो.”

रात्री अण्णा तिथेच राहिले. मंगळवारी सकाळी बाई जांभळं पेन घेऊन आल्या. ज्या बाजूचं ऑपरेशन त्या बाजूला पेशंट जागा असतानाच खूण करायची, असा त्यांचा नियम होता. अण्णांनीच बोटाने बाजू दाखवली. डाव्या कुशीवर बाण निघाला. बाई पेनाचं टोपण लावायला लागल्या तसे अण्णा म्हणाले, “भोवती पण काढा.”

“भोवती काय?”

“रेघ. सगळ्या बाजूंनी.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी माझा सगळ्यात गंभीर चेहरा लावला आणि म्हटलं, काढा, आमच्याकडे पद्धत आहे. बाईंनी बाणाभोवती रेघ काढली. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, चार कोपऱ्यांवर चार ठिपकेही दिले. आई खिडकीकडे वळून उभ्या राहिल्या.

पुढचे चार तास आम्ही लिफ्टसमोरच्या बाकावर काढले. दार उघडलं की मी आत पाहायचे. स्ट्रेचर, डबेवाला, कुणाचे तरी मामा. घोडा आला नाही. नवरा काही बोलायला लागला की आई नुसता हात वर करायच्या. त्या इन्स्पेक्टरच्या स्वप्नाचा अर्थ पुढच्या भागात काय लागला, मला माहीत नाही. आमच्या घरात तो भाग कुणी लावलेला नाही.

तिसरा प्रहर झाला तेव्हा आम्हाला आत बोलावलं, एका वेळी दोघांना. आई आणि मी गेलो. अण्णांचे ओठ कोरडे पडले होते, डोळे अर्धे मिटलेले. आईंनी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा हाक मारली. मग चादरीखाली त्यांचा उजवा हात हलायला लागला. तो पोटावरून हळूहळू डाव्या कुशीकडे सरकला. पट्टी लागली, तिथे थांबला. मग तसाच उजव्या कुशीकडे गेला, तिथली कातडी चाचपली, काही नाही अशी खात्री केली, आणि परत डावीकडे येऊन पट्टीच्या कडेकडेने फिरला. नर्सबाईंना वाटलं त्यांना भूक लागली, आणि आज तोंडाने काही मिळणार नाही असं त्या नंतर दोनदा बजावून गेल्या. कारण अण्णा डोळे न उघडता, सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा घाटावरच्या खणखणीत आवाजात म्हणाले होते:

“पान बरोबर वाढलंय.”