पडलं नाही, उतरलं

दशरथराव वाव्हळे सरांची आणि माझी पहिली भेट राणीसावरगावला आमच्या शेतात झाली, आणि त्याच भेटीत मी चुकलो. गौरवग्रंथात लेखकाने स्वतःच्या चुका सांगत बसू नये हे मला कळते. पण ही चूक गाळून सरांविषयी खरे काही लिहिता येणार नाही.

हरभरा निघून रान मोकळे झाले होते. दुपार कलताना एक पांढरे विमान जराही आवाज न करता आले आणि ढेकळांवरून घसरत बांधाजवळ थांबले. "विमान पडलं, विमान पडलं" करत सारा गाव धावला. वरची काच उघडून एक उंच, सावळे गृहस्थ बाहेर आले, टोपीवरची धूळ झटकली आणि शांतपणे म्हणाले, "पडलं न्हाई, उतरलं."

ते ग्लायडर होते. त्याला इंजिनच नसते. जमिनीवरचे यंत्र दोराने ओढून ते वर चढवते, पुढे उन्हाने तापून वर जाणाऱ्या हवेवर तरंगायचे. सर परभणीला आयटीआयमध्ये फिटरचे काम शिकवत आणि सुटीच्या दिवशी ग्लायडर क्लबात उडत. त्या दिवशी क्लबची लांब पल्ल्याची स्पर्धा होती. गंगाखेडच्या पुढे तोवर कोणी गेले नव्हते, कारण गोदावरीवरची आणि काठच्या उसावरची गार हवा ग्लायडरला उचलत नाही. सर ते सगळे ओलांडून आले होते. आता शेतमालकाने उतरल्याच्या कागदावर साक्षीदार म्हणून सही करायची एवढेच राहिले होते. ती नसली तर उड्डाण धरले जात नसे.

आमचे थोरले काका, माधवकाका, यांनी पाहुण्यांना पाणी दिले, पेन हातात घेतला आणि विचारले, "आडनाव काय म्हनलात?"

"वाव्हळे."

काकांनी पेन परत केला. ते विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाचे दिवस होते. आडनाव ऐकले की माणूस कोणत्या समाजाचा, कोणत्या बाजूचा, हे लोक तिथल्या तिथे ठरवून टाकत. काका नामांतराच्या कडव्या विरोधात. "आमी न्हाई सही करायलो," ते म्हणाले आणि बांधावर जाऊन बसले.

मी नवा पदवीधर, म्हणजे गावातला शहाणा. सरांना बाजूला घेऊन मी सुचवले, "नुसतं दशरथराव लिहा. आडनाव गाळलं की काका करतील सही."

सर रागावले नाहीत. म्हणाले, "नदी वलांडली ती वाव्हळ्यानं. हा नुसता दशरथ कोन, मला ठाव न्हाई."

कोरा कागद घडी करून त्यांनी खिशात ठेवला आणि स्पर्धेत ते तळाला गेले. त्या शेतात माझाही वाटा होता, माझी सही चालली असती. काकांच्या धाकाने मी ती केली नाही. याची लाज मला आजही वाटते.

पंधरा दिवसांनी मी परभणीला गेलो आणि म्हणालो, "आणा तो कागद, सही करतो." सर हसले. "त्या दिवसाची सही त्याच दिवशी करायची असती. आज केली तर ती खोटी. आता आलाच हाव तर हा पंख धरा." विमान सुटताना पंखाचे टोक धरून धावावे लागते. त्या दिवशी मी धावलो, तो त्यांचा विद्यार्थीच झालो.

नंतरचे वर्षभर सरांचा एकच ध्यास होता. रविवारी एसटीने गंगाखेडला जायचे, घाटावर बसायचे आणि घारी पंख न हलवता नदी कुठून ओलांडतात ते पाहायचे. गावातल्यांना हा माणूस खुळा वाटे. शिकवताना मात्र ते आईसारखे जपत. हवेची दिशा कळावी म्हणून काचेवर लोकरीचा धागा चिकटवलेला असतो. मी प्रथम एकटा उडणार होतो त्या दिवशी माझी नजर सारखी खाली जमिनीकडे जात होती. सरांनी स्वतःच्या स्वेटरची बाही उसवून नवा धागा लावला आणि म्हणाले, "याच्याकडं बघा, जमिनीकडं नको." मी सुखरूप परत आलो, त्या स्वेटरची एक बाही कायमची आखूड राहिली.

पुढच्या स्पर्धेत सरांनी पुन्हा नदी ओलांडली. वर हवा चांगली होती, अजून पुढे जाता आले असते. तरी ते आमच्याच शेतात, त्याच बांधाशी उतरले. मागून जीपने आम्ही पोचलो तेव्हा काका कमरेवर हात ठेवून उभे होते.

"हे पुन्हा हितंच पडलं?"

"पडलं न्हाई, काका. उतरलं."

काकांनी विमानाभोवती एक फेरी मारली. मग हात पुढे केला. "आना तो कागद. नामांतर मला पटत न्हाई, आजबी न्हाई. पन मानूस दोनदा आला, ते ह्या डोळ्यानं बघितलंय. खोटं कशाला बोलू?" सरांचे पूर्ण नाव त्यांनी मोठ्याने वाचले, आडनावासकट, सगळ्या गावाला ऐकू जाईल असे. मग सही केली. त्या वेळी मला रडू आले, हे इथे कबूल करतो.

सरांनी दोन्ही कागद जपून ठेवले आहेत. या ग्रंथात छापायला सहीचा कागद मागितला, तेव्हा त्यांनी कोराही दिला. "दोन्ही छापा. एकट्या सहीला अर्थ न्हाई."

सरांना आता पंचाहत्तरावे वर्ष लागले आहे. त्यांना निरोगी शंभरी लाभो, हे आम्हा सर्व विद्यार्थ्यांचे मागणे. सर, उतरायची घाई करू नका. हवा अजून चांगली आहे, आणि खाली सही करायला आता सारा गाव उभा आहे.